राओहे नाइट मार्केट, तैपेई: माणशी दोनशे तैवानी डॉलरांत एक संध्याकाळ

राओहे नाइट मार्केटला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कशाचा कापला ते पुढे येईल. पण चुकीच्या अपेक्षेने कुणी जायला नको म्हणून आधीच सांगते. नुसतं जेवायला जायचं असेल तर तैपेईत निंगश्याचा बाजार जास्त चांगला. खरेदी करायची असेल तर कुठल्याच नाइट मार्केटात जाऊ नका, तेच मोजे आणि तीच मोबाइलची कव्हरं ऑनलाइन स्वस्त पडतात. पण महिनाअखेर आहे, चौघं जमलेत, कुणाच्याच खिशात फारसं काही नाही आणि खोलीवर तर परत जायचं नाही, अशा वेळी या शहरात राओहेला तोड नाही.

मी तैपेईच्या पूर्व टोकाला, नानगांगच्या अकॅडेमिया सिनिका या संशोधन संस्थेत पीएचडी करते. गाव कणकवलीजवळ. आमची चौकडी लॅबमधलीच: एक मदुराईचा, एक हनोईची, एक तैवानच्याच दक्षिणेची, काओश्युंगची, आणि मी. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला पुण्या-मुंबईकडची नवी मुलंमुली इथे येतात आणि सामान लावून होत नाही तोवर विचारतात, "ताई, इथे स्वस्तात करायचं काय?" प्रत्येकाला तेच तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

हिशेब आधी. एक तैवानी डॉलर म्हणजे साधारण पावणेतीन रुपये. पुढचे सगळे आकडे डॉलरांत आहेत आणि गाड्यागणिक पाच-दहाचा फरक पडतो. कॅफेत जाऊन बसलं तर एका कॉफीचे सव्वाशे-दीडशे जातात आणि तासाभराने वेटर टेबलाकडे बघायला लागतो. सिनेमाचं तिकीट तीनशेच्या घरात. राओहेत आम्ही चौघं तीन-साडेतीन तास काढतो आणि माणशी दोनशेच्या वर क्वचित जातो. प्रवासाचे पैसे मी धरत नाही, कारण 2023 च्या जुलैपासून तैपेई, न्यू तैपेई, कीलुंग आणि ताओयुआन मिळून बाराशेचा महिन्याचा पास निघालाय, त्यात बस, मेट्रो आणि लोकल ट्रेन सगळं येतं. तो लॅबला जायला काढावाच लागतो. मग संध्याकाळी नानगांग स्टेशनवरून लोकल पकडायची की पुढचंच स्टेशन सोंगशान. बाहेर पडून चार मिनिटं चाललं की मंदिराचं छप्पर दिसायला लागतं.

त्या मंदिरापासूनच सगळं सुरू होतं. त्सयो मंदिर, स्थापना 1753 ची, देवी मात्सू. समुद्रावर जाणाऱ्यांना सांभाळणारी. हा भाग पूर्वी कीलुंग नदीवरचं बंदर होता, गलबतं इथवर यायची. मंदिराच्या दारातून जो रस्ता निघतो तो जुन्या सोंगशानचा मुख्य रस्ता. पुढे मोठे रस्ते झाले, इकडची वर्दळ आटली, आणि 1987 साली शहराने इथे रीतसर नाइट मार्केट वसवलं. सहाशे मीटर लांब, एक सरळ रेष, दोन्ही टोकांना कमानी. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्यभागी गाड्यांची पाठीला पाठ लावलेली रांग. त्यामुळे आपोआप दोन गल्ल्या होतात. उजवीकडून जायचं, दुसऱ्या अंगाने परत यायचं. इथे हा नियम कुणी ओरडून सांगत नाही, पण उलट्या बाजूने घुसलात तर गर्दीच तुम्हाला फिरवून सरळ करते.

आमच्याकडे आंगणेवाडीची जत्रा असते ना, देवळापासून सुरू होणारी दुकानांची रांग, खाजा, भजी, पाळणे, भांडी, आणि रात्रभर नुसतं फिरणारी माणसं? तेच हे. फरक एवढाच की आंगणेवाडीला भराडी आईच्या जत्रेची तारीख ठरायची वाट बघावी लागते आणि इथली जत्रा रोज संध्याकाळी पाचला भरते आणि मध्यरात्रीच्या सुमाराला उठते. ही माझी कविकल्पना नाही. तैवानातले बरेच जुने बाजार देवळांच्या पुढ्यातच वाढलेले आहेत. शिलिनचा बाजार त्सश्यान मंदिरापाशी, कीलुंगचा द्यान्जी मंदिरापाशी. नवस फेडायला आलेल्या माणसाला भूक लागते, एवढं साधं अर्थशास्त्र आहे ते.

मंदिरात जायला पैसे लागत नाहीत, म्हणून आमची संध्याकाळ तिथूनच सुरू होते. लाल रंगाच्या, अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन लाकडी फळ्या असतात. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. देवीला मनात प्रश्न विचारायचा आणि दोन्ही जमिनीवर टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसतेय, प्रश्नच नीट विचार. देवाला कळे लावून कौल घेणाऱ्या मुलखातून आलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. काओश्युंगवाली पद्धत सांगायला लागली तेव्हा मीच तिचं वाक्य पुरं केलं. मदुराईकराने आपला पेपर स्वीकारला जाईल का असं विचारलं, तर देवी हसली. त्याने पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा आम्हीच त्याला ओढून बाहेर काढलं. परीक्षकांचा निर्णय पुढे देवीने सांगितल्याप्रमाणेच लागला, "मेजर रिव्हिजन".

आता खाणं. मंदिराच्या टोकाला, कमानीतून आत शिरल्या शिरल्या एक लांब रांग दिसते. ती हू-ज्याओ-बिंगची. डुकराचं मांस, भरपूर कांद्याची पात आणि मिरी भरलेला मैद्याचा गोळा, वरून तीळ. तो उभ्या तंदुरासारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीला हाताने थापतात आणि खालच्या कोळशावर भाजतात. रांगेत उभं राहून समोर चाललेला कारखाना बघायचा: एकजण पीठ तोडतो, दुसरा सारण दाबतो, तिसरा पात कोंबतो, चौथा तिळात बुडवतो, आणि भट्टीवाला लांब चिमट्याने भाजलेले बाहेर काढतो. 2018 मध्ये तैपेईची पहिली मिशेलिन मार्गदर्शिका निघाली, तेव्हा चांगलं आणि परवडणारं खाणं देणाऱ्यांच्या यादीत या गाडीचं नाव आलं. त्यानंतर रांग लांबली. किंमत मात्र अजून साठच्या आसपास आहे, हे कौतुकाचं. मी डुक्कर खात नाही, तेव्हा चवीबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही. हनोईवाली म्हणते की दहापैकी साडेआठ, पहिला घास घेताना आतला रस हातावर सांडून चटका बसतो त्याचा दीड गुण वजा. आमची रीत अशी की एकाला रांगेत उभं करायचं आणि बाकीच्यांनी मंदिर करून यायचं. रांगेतला कोण, ते वर सांगितलेल्या फळ्यांनी ठरवायचा प्रस्ताव एकदा आला होता, काओश्युंगवालीने तो देवीचा अपमान म्हणून फेटाळला.

यानंतर पहिल्या फेरीत काहीही विकत घ्यायचं नाही. हा नियम मी घालून दिला आहे आणि मी तो कडक पाळायला लावते. सहाशे मीटर नुसतं बघत जायचं. भुकेल्या पोटी पहिल्याच गाडीवर तुटून पडलं की वीस पावलांवर पोट भरतं, आणि मग उरलेला बाजार नुसता अंगावर येतो. बघत गेलं की वाटेत वाद घालायला वेळ मिळतो. खरी करमणूक ती. काय घ्यायचं यावर चौघांची मतं जुळायला जाताना अख्खा रस्ता लागतो, आणि परतीच्या गल्लीत ठरलेलं तेवढंच घ्यायचं.

दुसरा नियम: प्रत्येक गोष्ट एकच, आणि काड्या चार. इथे गाडीवर बांबूच्या काड्या मागितल्या तर बिनतक्रार जास्तीच्या देतात. चौघांनी एकाच पुडीत काड्या खुपसल्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही, सगळेच तसं करतात.

रताळ्याचे गोळे हे आमचं हमखासचं. रताळं आणि साबुदाण्याच्या जातीचं पीठ मळून केलेल्या गोळ्या तेलात सोडतात आणि झाऱ्याने वरून दाबत राहतात. दाबलं की त्या फुगतात, सोडलं की आणखी फुगतात. शेवटी आतून पोकळ, बाहेरून कुरकुरीत. एक पिशवी पन्नासला. उपासाला चालतील की नाही हा प्रश्न मी आईला फोनवर विचारला, तिने "तेल कुठलं?" असं विचारून तो निकालात काढला.

मात्र मला या बाजारातली एकच गोष्ट निवडा म्हटलं तर मी शेंगदाण्याचं आइस्क्रीम निवडेन. गाडीवर शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक प्रचंड ठोकळा ठेवलेला असतो, उशीएवढा. त्याच्यावरून सुताराच्या रंध्यासारखं हत्यार फिरवून भुसा काढतात. मैद्याची पातळ पोळी पसरायची, तिच्यावर तो चिक्कीचा भुसा, त्यावर अळकुडीच्या किंवा अननसाच्या आइस्क्रीमचे दोन-तीन गोळे, आणि त्यावर चिरलेली कोथिंबीर. होय, कोथिंबीर. मग पोळी गुंडाळून हातात. कोथिंबीर नको म्हणून सांगता येतं, पण सांगू नका. शेंगदाणा आणि कोथिंबीर यांचं आपल्याकडे किती जुनं सख्य आहे ते आठवा आणि मुकाट्याने खा. साठाच्या आसपास पडतं. चौघांत एक घेणं मात्र इथे जमत नाही, गुंडाळी तोडली की सगळं ओघळतं. दोघांत एक.

आता तक्रार, आणि ही तक्रार एका मालवणी बाईची आहे, ती तशीच घ्या. कालवांचं ऑम्लेट हा तैवानचा मोठा मानाचा पदार्थ. लहान लहान ताजी कालवं तव्यावर टाकतात, त्यावर रताळ्याच्या पिठाचं पाणी ओततात, ते चिकट पारदर्शक होतं, मग अंडं, मग पालेभाजी. इथवर उत्तम. कालवं खरंच चांगली असतात. आणि मग त्यावर ओततात गोड, लालसर, घट्ट सॉस. गोड! कालवांवर! तिखला नाही, कोकम नाही, निदान मीठ-मिरी तरी. मी एकदा सॉसशिवाय मागितलं तर तवेवाल्या काकू माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच ओशाळून "बरं, थोडासा घाला" म्हटलं. त्या मानाने भाजलेली माकुलं झकास. निखाऱ्यावर भाजून कात्रीने कापून देतात, तिखट पूड वरून. दीडशेच्या आसपास, म्हणजे आमच्या हिशेबात चैन, पण चौघांत विभागली की परवडते.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, आणि निर्धास्तही राहू नये. तैवानात बौद्ध परंपरेमुळे शाकाहार सगळ्यांना ठाऊक आहे, शाकाहारी खाणावळींच्या पाटीवर कित्येकदा स्वस्तिक असतं. "वो छ सू" म्हटलं की समोरच्याला कळतं की तुम्ही शाकाहारी आहात, आणि तो प्रामाणिकपणे हो किंवा नाही सांगतो. मदुराईकर या तीन शब्दांवर इथे जगतोय. पण कडक शाकाहारात इथे कांदा-लसूणही बसत नाही, तर दुसरीकडे साध्या दिसणाऱ्या पराठ्याला डुकराची चरबी लावलेली असू शकते. म्हणून दरवेळी विचारायचं. त्याची ठरलेली गाडी म्हणजे भाजलेल्या जाड अळंब्यांची. कापून, पेटत्या ज्योतीवर शेकून, वर मिरपूड किंवा समुद्री शेवाळाची पूड. शंभरला एक वाटी. ती खाताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते लॅबमध्ये कधी दिसत नाही. कुजक्या टोफूबद्दल विचाराल तर वास भयंकर आहे, चव नाही. माझं लहानपण अंगणात वाळणाऱ्या बांगड्यांच्या वासात गेलंय, मला काही झालं नाही. मदुराईकर दोन गाड्या आधीच रस्ता ओलांडतो.

फळांच्या गाड्या बघायला फार सुंदर, दिव्यांखाली मांडलेले लालभडक जाम, मोठाली सीताफळं, पेरू. इथले जाम आपल्याकडच्या पांढुरक्या, पाणचट जामांपेक्षा कितीतरी गोड. पण इथे सावध. दर 'जिन'वर असतो, आणि तैवानी जिन म्हणजे सहाशे ग्रॅम. तैपेईतल्याच दुसऱ्या एका बाजारात (राओहेत नव्हे) एका फळवाल्याने आम्हाला हसतमुखाने फोडी चाखायला दिल्या, भराभर पिशवी भरली, आणि वजन करून जो आकडा सांगितला त्यात आमचं अख्ख्या संध्याकाळचं बजेट गेलं असतं. पाटीवरचा दर अर्ध्या जिनचा होता, ते अक्षर बारीक. काओश्युंगवालीने तिच्या दक्षिणी ठसक्यात चार वाक्यं सुनावली, तेव्हा अर्धी पिशवी परत झाली. तेव्हापासून फळं सुपरमार्केटमधून. बाजारात घ्यायचंच तर पेरूच्या फोडी, वर आंबट आलुबुखाऱ्याची पूड टाकून, छापील किमतीच्या पाकिटात.

खेळांची बाजू मी एरवी सोडून दिली असती, पण चौघांत एक तरी असा असतोच. आमच्यात हनोईवाली. छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडणे, बाटल्यांवर कड्या टाकणे, खिळ्यांच्या फळीवरून गोट्या सोडणे. एका डावाचे पन्नास ते शंभर. बक्षीस म्हणून मिळणारं अस्वल डावाच्या पैशांपेक्षा स्वस्त असतं हे तिला माहीत आहे आणि तिला फरक पडत नाही. नाणं टाकून चिमट्याने वस्तू उचलायच्या यंत्रांच्या दुकानांपासून मात्र लांब राहा. एका वेळेला फक्त दहाचं नाणं, म्हणून हात सैल सुटतो. यंत्रावर एक आकडा लिहिलेला असतो, तेवढे पैसे टाकून झाले की चिमटा घट्ट होतो आणि वस्तू हमखास मिळते. म्हणजे ती वस्तू तुम्ही त्या किमतीला विकतच घेता, फक्त हप्त्याने आणि उभं राहून. हे गणित मी मदुराईकराला नीट समजावलं. त्याने ऐकलं, आणि खिशातून पुढचं नाणं काढलं.

बाकी दुकानांत बघण्यासारखं: तोंडात दोऱ्याचं टोक धरून, चेहऱ्याला पांढरी पूड लावून लव काढून देणाऱ्या बायका. आपल्या पार्लरमधलंच थ्रेडिंग, पण अख्ख्या चेहऱ्याचं, आणि भर रस्त्यात, स्टुलावर. तळपायाला मालिश. हात बघणारे ज्योतिषी. मोजे तीन जोड शंभरला, ते मात्र खरंच टिकाऊ निघाले. कपडे नुसते बघायचे, आणि घ्यायचेच झाले तर सोंगशान स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला वूफेनपू नावाचा घाऊक कपड्यांचा भाग आहे तिथे दिवसा जायचं. सोमवार सोडून, कारण सोमवारी दुकानदार बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना माल देतात आणि आपल्यासारख्या एक टीशर्टवाल्यांना दारात उभं करत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात आई आली होती. मी तिला तैपेई 101 च्या गच्चीवर नेलं, राजवाड्याचं संग्रहालय दाखवलं, ती "बरां आसा" म्हणाली. राओहेत आणलं तेव्हा तिला कंठ फुटला. पहिल्या पन्नास पावलांतच विचारलं, "ह्यांच्या घराक चुली नाय काय गो? सगळे हयच जेवतत?" प्रश्न बिनतोड होता. इथे भाड्याने मिळणाऱ्या एकेका खोलीत खरंच स्वयंपाकघर नसतं. माझ्या खोलीत फ्रिज आहे, ओटा नाही. विद्यार्थी आणि नवी नोकरी लागलेली पोरं रात्रीचं जेवण बाहेरच उरकतात, आणि त्यांच्या जिवावर हे बाजार पर्यटकांशिवायही चालतात. कालवांच्या तव्यापाशी ती बराच वेळ थांबली. कालवं ताजी आहेत अशी मान डोलावून पसंती दिली. मग सॉस पडला. "शिरा पडली ह्यांच्या तोंडार," ती म्हणाली, आणि तवेवाल्या काकूंना वाटलं ही स्तुती आहे, त्या हसून वाकल्या. मोजेवाल्याशी मात्र तिने भाव केला. तो मँडरिनमध्ये, ती मालवणीत, मध्ये कॅल्क्युलेटर. इथे खाण्याचे भाव ठरलेले असतात, त्यात घासाघीस करायची पद्धत नाही, पण कपड्या-मोज्यांत जास्त नग घेतले तर सुटतात थोडे. ती अख्ख्या वाडीला पुरतील इतके मोजे घेऊन आली. कोकणात मोजे कोण घालतं, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

आता बाकीच्या बाजारांबद्दल थोडक्यात, कारण विचारणारे विचारतातच. शिलिन सगळ्यात मोठं आणि सगळ्यात प्रसिद्ध. तिथे जायचं तर शिलिन स्टेशनवर न उतरता आधीच्या ज्यानतानला उतरायचं. खाण्याच्या गाड्यांपाशी वाफेने जीव गुदमरतो, आणि गल्ल्या इतक्या फुटतात की चौघं एकत्र राहणं अशक्य. निंगश्या लहान, खाणाऱ्यांचं, तळलेल्या अळकुडीच्या गोळ्यांची रांग तिथे लागते. तासाभरात संपतं. शिदा हा विद्यापीठाजवळचा बाजार एके काळी विद्यार्थ्यांचा अड्डा होता, पण 2011-12 च्या सुमाराला वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी आवाज आणि धुराविरुद्ध आंदोलन केलं आणि बरीच खाणावळ उठली. त्यांचं चूक होतं असं मला वाटत नाही. रोज रात्री खिडकीखाली जत्रा कुणाला हवी असेल? कीलुंग पासात बसतं, पिवळ्या कंदिलांखाली क्रमांक घातलेल्या गाड्या, मासळी उत्तम, पण तिथे बारमाही पाऊस. आणि ताइनानला गेलात तर आधी वार बघा. तिथले मोठे बाजार रोज भरत नाहीत, आपल्या आठवडी बाजारासारखे वार वाटून घेतलेत: सोमवार-मंगळवार दादोंग, बुधवारी वूशेंग, गुरुवारी हुआयुआन, असे. काओश्युंगवालीला अख्ख्या आठवड्याचा क्रम तोंडपाठ आहे, सात अक्षरांत म्हणून दाखवते.

कापलेला गुण बसायच्या जागेचा. सहाशे मीटरमध्ये टेकायला एक बाक नाही. दुकानांच्या आत टेबलं आहेत, पण तिथे बसायचं तर माणशी काहीतरी मागवावं लागतं. कचरापेट्याही जवळजवळ नाहीत. काडी, कागद, पेला हातात घेऊन फिरत राहावं लागतं, किंवा ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच गाडीखालच्या पिशवीत टाकायचं. यावर आमचा तोडगा: परतीच्या फेरीत सगळं खाणं एका पिशवीत घ्यायचं आणि बाजाराच्या मागच्या अंगाला, पूरभिंतीच्या दरवाजातून नदीकाठी उतरायचं. तिथे पायी चालणाऱ्यांसाठी एक लाल वळणदार पूल आहे, इंद्रधनुष्य पूल म्हणतात, रात्री दिवे लागतात. काठावर पाय पसरून बसता येतं, वारा असतो, आणि बाजाराचा आवाज भिंतीपलीकडे राहतो. खाणं तोवर थोडं निवतं. आइस्क्रीमचं मात्र पुलापर्यंत काही उरत नाही, ते उभ्यानेच संपवा.

आणखी बारीकसारीक. शंभराच्या नोटा आणि नाणी बरोबर ठेवा. काही गाड्यांवर फोनने पैसे घेतात, पण भरवसा नको, आणि पन्नासच्या पिशवीसाठी हजाराची नोट काढली की मागची रांग सुस्कारे टाकते. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरकून घ्या. शुक्रवार-शनिवारी आठ ते साडेनऊ गर्दी इतकी की बघणं होत नाही, नुसतं वाहत जाणं होतं. लॅबची मीटिंग शुक्रवारी संपते म्हणून आम्ही अडकलोय, तुम्ही बुधवारी जा. वर छप्पर नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च तैपेईच्या या बाजूला रिपरिप चालू असते. छत्र्यांच्या टोकांनी डोळे फुटायची वेळ येते, त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून पातळ रेनकोट घ्या.

मुलींसाठी एक वेगळं, कारण घरच्यांना फोनवर हेच सांगावं लागतं. साडेअकराची लोकल पकडून मी नानगांगला उतरते, बस गेलेली असेल तर भाड्याची सायकल घेते, आणि खोलीवर येते. एकटी. वाटेत चोवीस तास उघडी असणारी दुकानं असतात, रस्त्यावर माणसं असतात, कुणी मागे वळून बघत नाही. पुण्यात मी पाच वर्षं काढली, तिथे साडेनवानंतर बाहेर पडायचं तर आधी परत येणार कशी हे ठरवावं लागायचं. या बाजाराची किंमत मी माणशी दोनशे लावली आहे त्यात हे धरलेलं नाही. शेवटची लोकल आणि मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास असते. वेळ आधी बघून ठेवा, कारण टॅक्सी केली की दोनशेचा हिशेब गेला, आणि मग कॅफेतच बसायला काय हरकत होती असं मदुराईकर घरापर्यंत ऐकवत राहतो.